सार्वजनिक कलादालनाच्या प्रमुखाचा पगार आणि मान: सीमाभागातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, तसेच कारवार आणि बिदरकडचे मराठी विद्यार्थी, पालक आणि चित्रकला शिक्षक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. चित्रकार होऊ पाहणाऱ्या मुलाच्या घरी पोटापाण्याचा प्रश्न निघतो आणि मग “कलादालन सांभाळणाऱ्याला सरकार काय देते?” हा प्रश्न आपोआप येतो. तो संकोच न बाळगता विचारावा आणि त्याचे उत्तरही आकड्यांसह मिळावे, असे मला वाटते.

कलादालनाचा प्रमुख म्हणजे नेमका कोण? संचालक, अभिरक्षक, सचिव, अध्यक्ष हे सगळे एकच आहेत का?

नाहीत. संचालक किंवा महासंचालक हा संस्थेचा कार्यकारी प्रमुख असतो. प्रदर्शने, खरेदी, कर्मचारी आणि अंदाजपत्रक ही त्याची जबाबदारी असते. अभिरक्षक, ज्याला आपण सर्रास क्युरेटर म्हणतो, तो संग्रहाचा जाणकार आणि रक्षक असतो. लहान सरकारी संग्रहालयात मात्र अभिरक्षक किंवा सहायक अभिरक्षक हाच सर्वेसर्वा असतो. अकादमीची रचना वेगळी असते. दिल्लीच्या ललित कला अकादमीत, जिचे उद्घाटन ऑगस्ट १९५४ मध्ये झाले, अध्यक्ष हा प्रतिष्ठेचा चेहरा असतो आणि दैनंदिन कारभार सचिव पाहतो. त्यामुळे वर्तमानपत्रात एखाद्या कलावंताची “अध्यक्षपदी नियुक्ती” झाल्याचे वाचले म्हणून त्याला मोठा पगार सुरू झाला असे समजू नये. अशा पदांना बहुधा मानधन, प्रवासभत्ता आणि बैठकभत्ता एवढेच असते.

सरकारी कलादालनाच्या संचालकाला पगार किती मिळतो?

येथे एक मूलभूत गोष्ट लक्षात घ्यावी लागते. सार्वजनिक संस्थेत पगार पदाला जोडलेला असतो, माणसाच्या कीर्तीला नव्हे. एखादा चित्रकार कितीही मोठा असला, त्याची चित्रे लिलावात कितीही किमतीला जात असली, तरी पदावर बसल्यावर त्याला त्या पदासाठी मंजूर असलेलीच वेतनश्रेणी मिळते.

केंद्र सरकारच्या संस्थांना सातव्या वेतन आयोगाची श्रेणी १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. तिच्यातील दहावा स्तर ५६,१०० रुपयांपासून सुरू होतो आणि तो ‘अ’ गटातील अधिकाऱ्याचा प्रवेशाचा स्तर आहे. अकरावा स्तर ६७,७०० पासून, बारावा ७८,८०० पासून, तर तेरावा, म्हणजे मंत्रालयातील संचालकाच्या तोडीचा स्तर, १,२३,१०० पासून सुरू होतो. चौदावा स्तर सहसचिवाच्या दर्जाचा असून तो १,४४,२०० ते २,१८,२०० रुपये असा आहे. हे सगळे मूळ वेतनाचे आकडे आहेत. दरवर्षी ३ टक्के वेतनवाढ आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. आठव्या वेतन आयोगाची घोषणा जानेवारी २०२५ मध्ये झाली आहे, तेव्हा पुढे हे आकडे बदलतील.

एखाद्या संस्थेची जाहिरात पाहताना पदाचे भारदस्त नाव बाजूला ठेवून हा स्तर आधी वाचावा. “संचालक” हा शब्द दहाव्या स्तरावरही वापरता येतो आणि चौदाव्यावरही. दोघांच्या मूळ पगारात अडीचपटीहून अधिक अंतर असते, आणि मंत्रालयात कोणाचा फोन उचलला जातो हेही बहुतांशी त्यावरच ठरते.

एकाच पदाला बंगळूर आणि बेळगावात सारखाच पगार मिळतो का?

मूळ पगार सारखा असतो. घरभाडे भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे बदलतो. केंद्राच्या वर्गवारीत बंगळूर वरच्या वर्गात असून तेथे ३० टक्के दर आहे. बेळगाव दुसऱ्या वर्गात आहे आणि तेथे २० टक्के. म्हणजे ६७,७०० रुपये मूळ पगाराच्या अधिकाऱ्याला बंगळुरात २०,३१० रुपये, तर बेळगावात १३,५४० रुपये घरभाडे मिळेल. टिळकवाडीतील भाड्याचा विचार करता हा तोटा नाही.

कर्नाटक सरकारच्या खात्यात काय स्थिती आहे?

कर्नाटकाचा स्वतंत्र वेतन आयोग असतो. के. सुधाकर राव यांच्या अध्यक्षतेखालील सातव्या राज्य वेतन आयोगाच्या शिफारशी १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आल्या. किमान मूळ वेतन १७,००० वरून २७,००० रुपये झाले आणि कमाल १,५०,६०० वरून २,४१,२०० रुपयांपर्यंत गेले. सरकारी वस्तुसंग्रहालये पुरातत्त्व, वस्तुसंग्रहालये व वारसा खात्याकडे आहेत. या खात्याचे मुख्यालय म्हैसूरला असून त्याच्या शिरोभागी आयुक्त असतात. बंगळूरचे व्यंकटप्पा कलादालन आणि आपल्या जिल्ह्यातील कित्तूरचे राणी चन्नम्मा स्मारक संग्रहालय ही दोन्ही याच खात्याच्या अखत्यारीत येतात. निवृत्तीचे वय ६० आहे. १ एप्रिल २००६ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना नसून राष्ट्रीय पेन्शन योजना लागू आहे, ही गोष्ट आयुष्यभराचा हिशेब मांडताना विसरू नये.

कोल्हापूरकडे पाहणाऱ्यांसाठी सांगायचे तर महाराष्ट्राने केंद्राच्याच धर्तीवर श्रेणी ठेवल्या आहेत. तेथील ‘एस-२०’ ही श्रेणी ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. निवृत्तीचे वय मात्र बहुतेक पदांना ५८ आहे.

या पदावर कलावंत बसतात की सनदी अधिकारी?

दोघेही बसतात, आणि पदाच्या मानाचा खरा प्रश्न येथेच आहे, म्हणून याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

दिल्लीचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय २९ मार्च १९५४ रोजी जयपूर हाउसमध्ये सुरू झाले, तेव्हा त्याची सूत्रे जर्मन कला-इतिहासकार हर्मन गोएट्झ यांच्याकडे देण्यात आली. गोएट्झ यांनी त्याआधी बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयाचे काम पाहिले होते, आणि ते संग्रहालय म्हणजे सयाजीराव गायकवाड महाराजांची निर्मिती. नव्या देशाने आपल्या पहिल्या राष्ट्रीय कलादालनासाठी कारभारी शोधताना संग्रह हाताळलेला विद्वान निवडला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पुढे त्याच पदावर चित्रकार राजीव लोचन आले, २०१६ मध्ये शिल्पकार अद्वैत गडनायक आले. या संस्थेची शाखा मुंबईत सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ साली आणि बंगळुरात माणिक्यवेलू मॅन्शनमध्ये २००९ साली सुरू झाली.

दुसरी बाजू अशी की सांस्कृतिक संस्थांची मोठी पदे अनेकदा रिकामी राहतात आणि तोवर एखाद्या सनदी अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार दिला जातो. आपल्याकडे यालाच “इनचार्ज” म्हणतात. अधिकारी प्रामाणिक असतो, कष्टाळूही असतो, पण त्याच्या टेबलावर आधीच तीन खात्यांच्या फायली असतात. कलादालनाची फाइल चौथी असते. खरेदी समितीची बैठक पुढे ढकलली जाते, पावसाळ्यापूर्वी करायचे छताचे काम पावसाळ्यानंतर मंजूर होते, आणि कागदावरच्या चित्राला ओल लागते. तोवर त्या अधिकाऱ्याची बदली झालेली असते, त्यामुळे दोष कोणावरच येत नाही.

मी स्वतः एकदा शाळेच्या पंचवीस मुलांना घेऊन एका सरकारी संग्रहालयात गेलो होतो. चित्रांची खोली कुलूपबंद होती, कारण किल्ली ज्यांच्याकडे होती ते अधिकारी दुसऱ्या तालुक्यातील कार्यालयाचाही भार सांभाळत होते आणि त्या दिवशी तिकडे होते. शिपायाने मुलांना पाणी दिले, बाकडे पुसून बसायला दिले, मनापासून क्षमा मागितली. त्याचा काही दोष नव्हता. मुलांनी खिडकीच्या काचेला नाक लावून जेवढे दिसले तेवढे पाहिले. त्या दिवसापासून “संचालकाला पगार किती?” या प्रश्नाआधी “संचालक आहे का?” हा प्रश्न मी विचारतो.

“मानद संचालक” म्हणजे बिनपगारी का?

होय, सामान्यतः तसेच. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे उदाहरण यासाठी अभ्यासण्याजोगे आहे. २००३ मध्ये महापालिका, इंटॅक (वारसा जतनासाठी काम करणारी संस्था) आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला, जीर्ण झालेल्या वास्तूचा जीर्णोद्धार झाला, संग्रहालय २००८ मध्ये पुन्हा खुले झाले, आणि तस्नीम झकारिया मेहता यांनी मानद संचालक व विश्वस्त या नात्याने अनेक वर्षे त्याचे नेतृत्व केले. काम उत्तम झाले. तरीही एक अडचण स्पष्टपणे मांडली पाहिजे: बिनपगारी पद ज्याला परवडते तोच स्वीकारू शकतो. खानापुरातील चित्रकला शिक्षकाची मुलगी कितीही बुद्धिमान असली तरी ती मानद पदावर दहा वर्षे काढू शकणार नाही. पदाला रास्त पगार असणे हा म्हणूनच समान संधीचा विषय आहे.

परदेशात या लोकांना कोट्यवधी रुपये मिळतात, हे खरे आहे का?

काही ठिकाणी खरे आहे, पण त्या संस्था सार्वजनिक आहेत की खासगी, हे आधी पाहावे लागते. न्यूयॉर्कचे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट ही खासगी ना-नफा संस्था आहे. १९९५ ते २०२५ अशी तीस वर्षे तिचे संचालक असलेल्या ग्लेन लोरी यांचा एकूण मोबदला काही वर्षी २० लाख डॉलरहून अधिक होता. त्यांचा मुख्य व्याप देणगीदारांकडून निधी उभारण्याचा होता आणि मोबदलाही त्याच बाजाराप्रमाणे ठरत असे. अमेरिकेत अशा संस्थांना वरिष्ठांचा मोबदला करविवरणात जाहीर करावा लागतो, म्हणूनच तो आपल्यालाही कळतो.

ब्रिटनमधील नॅशनल गॅलरी किंवा टेट यांसारख्या राष्ट्रीय संस्था सरकारी अनुदानावर चालतात. त्यांच्या वार्षिक हिशेबात संचालकाचे वेतन ५,००० पौंडांच्या टप्प्यात छापले जाते, आणि तेथील आकडे अमेरिकेच्या मानाने पुष्कळ कमी असतात. फ्रान्समध्ये मानाची कल्पना निराळी आहे: लूव्र संग्रहालयाच्या प्रमुखाची नियुक्ती खुद्द राष्ट्राध्यक्ष करतात. १७९३ मध्ये खुल्या झालेल्या या संस्थेला लॉरेन्स दे कार्स यांच्या रूपाने पहिली स्त्री प्रमुख मिळाली ती २०२१ मध्ये.

स्त्री आणि पुरुष संचालकांना सारखाच पगार मिळतो का?

आपल्या सरकारी श्रेणीत एका पदाला एकच पगार असतो, आणि श्रेणी-पद्धतीचा हा मोठा गुण आहे. जेथे पगार वाटाघाटीने ठरतो तेथे दरी पडते. अमेरिकेतील कला संग्रहालयांच्या संचालकांविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पुरुष संचालकाच्या १ डॉलरमागे स्त्री संचालकाला ७९ सेंट मिळत असल्याचे आढळले होते.

प्रमुखाचा पगार वाढला की हाताखालच्यांचाही वाढतो का?

आपोआप वाढत नाही, आणि यावरून जगभर असंतोष आहे. २०२२ च्या आरंभी टेटने कॉफी विभागाच्या प्रमुखासाठी सुमारे ४०,००० पौंडांची जाहिरात दिली, तेव्हा तेथील अनेक क्युरेटरांना त्याहून कमी पगार आहे हे लोकांच्या लक्षात आले आणि मोठी चर्चा झाली. त्याच वर्षी फिलाडेल्फिया कला संग्रहालयाचे कर्मचारी १९ दिवस संपावर गेले. नव्या संचालक तेव्हाच रुजू होत होत्या. शेवटी वेतनाचा करार झाला. आपल्याकडे संप क्वचित होतो, कारण पहारेकरी, सफाई कामगार आणि मार्गदर्शक हे बहुधा कंत्राटी असतात आणि त्यांचा पगार ठेकेदाराच्या हाती असतो. चित्रांजवळ दिवसभर उभा राहणारा माणूस हाच. त्याच्या मासिक पगाराची चौकशी संचालकाच्या पगाराइतकीच आवर्जून केली पाहिजे.

सीमाभागातील मराठी मुलाला किंवा मुलीला हे पद मिळू शकते का?

मिळू शकते, आणि वाटा तीन आहेत.

केंद्रीय संस्थांची वरिष्ठ पदे संघ लोकसेवा आयोगामार्फत किंवा प्रतिनियुक्तीने, म्हणजे दुसऱ्या सरकारी सेवेतील माणूस ठरावीक काळासाठी आणून, भरली जातात. येथे मातृभाषेचा अडसर नाही. शिक्षण मात्र लागते: ललित कला, कला-इतिहास किंवा संग्रहालयशास्त्र यांतील पदव्युत्तर पदवी आणि अनुभव. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील संग्रहालयशास्त्राचा विभाग १९५२ पासून चालू आहे आणि देशातील जुन्या, नावाजलेल्या विभागांपैकी एक आहे.

कर्नाटकाच्या सेवेत शिरायचे तर कर्नाटक लोकसेवा आयोगाची वाट आहे, आणि तेथे कन्नडचे ज्ञान सिद्ध करावे लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांनी यामुळे खचू नये. बेळगावच्या बाजारात, बसमध्ये आणि शेजारी जी कन्नड कानावर पडते, तिला लेखी अभ्यासाची जोड दिली तर परीक्षा अवघड नाही. आपल्या मराठीचा आग्रह धरावा आणि राज्यभाषाही नीट यावी, या दोन गोष्टींत मला विरोध दिसत नाही.

तिसरी वाट पुष्कळ घरांना ठाऊकच नसते. महाराष्ट्राने दावा केलेल्या सीमाभागातील ८६५ गावांत १५ वर्षे वास्तव्य असलेल्या मराठी भाषिक उमेदवारांना, तसा दाखला दिल्यास, महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत अर्ज करता येतो. कोल्हापूरचे टाउन हॉल संग्रहालय, तेथीलच चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आणि औंधचे श्री भवानी चित्रसंग्रहालय ही सगळी महाराष्ट्राच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहेत. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या औंधच्या संग्रहात ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूर यांचे माता आणि बालकाचे पाषाणशिल्पही आहे. अशा संग्रहाचा अभिरक्षक होणे ही कोणत्याही कलाविद्यार्थ्याने मनात धरावी अशी आकांक्षा आहे.

बेळगावात असे पद आहे का?

बेळगावची कलापरंपरा मोठी आहे. के. बी. कुलकर्णी यांच्या चित्रमंदिरातून शिकून गेलेल्यांत रवी परांजपे यांचे नाव साऱ्या देशाला ठाऊक झाले. १९३५ मध्ये बेळगावातच जन्मलेले परांजपे २०२२ मध्ये निवर्तले. वरेरकर नाट्य संघाच्या वास्तूत कुलकर्णी यांच्या नावाचे कलादालन आहे आणि तेथे प्रदर्शने भरतात. ते कार्यकर्त्यांच्या निष्ठेवर चालते. निष्ठेचे मोल मी जाणतो, पण कुलकर्णी आणि त्यांच्या शिष्यांची घरोघरी विखुरलेली चित्रे एकत्र करून त्यांची नोंद करायची, ओलीपासून जपायची आणि शाळकरी मुलांना वर्षभर दाखवायची, तर ते काम संध्याकाळच्या फावल्या वेळात होण्याजोगे नाही. त्यासाठी पूर्ण वेळचा पगारी अभिरक्षक लागतो. पालिकेने असे एक पद दहाव्या स्तराच्या तोडीने मंजूर केले, तर मूळ वेतनाचा वर्षाचा खर्च पावणेसात लाख रुपयांच्या आसपास येईल. एका चौकाच्या सुशोभीकरणाशी हा आकडा ताडून पाहावा.

पगार चांगला दिला म्हणजे कलादालन सुधारेल का?

केवळ पगाराने नाही. संचालकाला निश्चित मुदत, खरेदीचा स्वतःचा निधी आणि कामाची माणसे निवडण्याचा अधिकार हवा. अडीच लाख पगार आणि एक दिवा बदलण्यासाठी मुख्यालयाची मंजुरी, अशा स्थितीत चांगला माणूसही थकतो. बंगळूरच्या व्यंकटप्पा कलादालनाबाबत एका खासगी प्रतिष्ठानाशी करार झाला होता, त्याला २०१६ मध्ये तेथील कलावंतांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. सरकारी कलादालन आपले आहे, ही भावना त्यामागे होती. त्याच भावनेने तेथे सक्षम आणि अधिकारसंपन्न प्रमुख असावा, ही मागणीही सातत्याने व्हायला हवी.

एखाद्या प्रमुखाचा पगार किंवा रिक्त पद याची माहिती कशी मिळवावी?

माहिती अधिकार कायदा, २००५ मधील कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते. तेव्हा प्रथम खात्याचे संकेतस्थळ पाहावे. तेथे नसेल तर १० रुपये शुल्कासह अर्ज करावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अधिकाऱ्याचे आयकर विवरण किंवा वैयक्तिक मालमत्ता मागू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये अशी माहिती खासगी मानली आहे. पदाची वेतनश्रेणी, पद कधीपासून रिक्त आहे आणि अतिरिक्त कार्यभार कोणाकडे व किती काळ आहे, एवढे नेमके विचारावे.

अर्ज मराठीत करता येतो का?

कायद्याच्या कलम ६ मध्ये इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राची राजभाषा असे म्हटले आहे. त्यामुळे कोल्हापुरात मराठीत अर्ज चालतो, बेळगावात मात्र कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत करावा लागतो. माझा सल्ला असा की माहितीचा अर्ज या तिन्हींपैकी एका भाषेत द्यावा, म्हणजे भाषेच्या कारणाने तो परत येणार नाही. माहिती हाती आल्यावर पद भरण्याविषयीचे गाऱ्हाणे मात्र मराठीत लिहावे, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे तक्रार-निवारणासाठीचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. निवेदनाची पोच तारखेसह घ्यावी आणि एक प्रत आपल्या वाचनालयाच्या फायलीत लावावी, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाला पाठपुरावा करायचा झाल्यास तो पहिल्यापासून सुरू करावा लागणार नाही.